मंगळवारी सिंह, शनिवारी केक: घरच्या घरी फोंडंटचा थीम केक

घरून केक करणाऱ्यांमध्ये फोंडंटचा, म्हणजे केकवर पोळीसारखं लाटून चढवायच्या साखरेच्या मऊ गोळ्याचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, कुठल्या कंपनीचं फोंडंट घेऊ? पण केक बिघडतो तो बहुतेक वेळा फोंडंटमुळे बिघडतच नाही, तो बिघडतो फोंडंटच्या खाली काय आहे यावरून आणि कुठलं काम कधी केलं यावरून. खालचा केक सरळ, घट्ट आणि कोरडा असेल तर साधं फोंडंटसुद्धा छान बसतं. खाली व्हिप क्रीम आणि हातात फक्त आदल्या दिवसाची रात्र असेल तर कितीही महागडं फोंडंट आणा, ते घसरणार, फुगणार, त्याला घाम सुटणार. म्हणून मी इथे कामं दिवसांप्रमाणे सांगतेय, कारण या केकमध्ये वेळापत्रक हीच अर्धी रेसिपी आहे.

उदाहरण म्हणून सगळ्यात जास्त मागणी असलेला केक घेऊया, पहिल्या वाढदिवसाचा जंगल थीम. सात इंच गोल, चार इंच उंच, एगलेस, वर एक सिंह, बाजूने पानं, समोर नाव आणि 1 आकडा. वाढदिवस शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये. असा केक फिगर, म्हणजे वरचा सिंह, सोडून सव्वादोन ते अडीच किलोच्या आसपास भरतो, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगा, कारण लोक "दीड किलोचा द्या" म्हणतात आणि फोटो दाखवतात या उंचीच्या केकचा.

ऑर्डर घेतानाच विचारायचं

हॉलमध्ये एसी आहे का? केक कापायच्या किती आधी पोचवायचा? अंडं चालतं का, आणि जिलेटिन चालतं का? हा जिलेटिनचा प्रश्न खूप जणी विसरतात. एगलेस म्हणून ऑर्डर देणारी बरीच घरं शाकाहारी असतात आणि काही फोंडंटमध्ये, मार्शमॅलोमध्ये जिलेटिन असतं, जे प्राण्यांपासून बनतं. पाकिटावर हिरवा ठिपका बघूनच घ्या. मार्शमॅलो वितळवून घरी फोंडंट करायची रेसिपी सोपी आहे, पण जिलेटिनवाले मार्शमॅलो वापरून तो केक व्हेज म्हणून देता येत नाही.

नवीन असाल तर तयार फोंडंटच घ्या असं मी म्हणेन. घरचं फोंडंट करता येतं, पण दमट हवेत त्यातलं पाण्याचं प्रमाण दर वेळी बदलावं लागतं आणि तो अंदाज यायला वेळ लागतो. विकायला केक करत असाल तर एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन आधी करून घ्या, ऑनलाइन होतं.

या केकला साधारण सव्वा किलो फोंडंट लागेल. झाकायला 700 ग्रॅम, बाकीचं सिंह, पानं, नाव यांना. पोळी किती मोठी लाटायची याचा हिशोब सोपा आहे: केकची रुंदी अधिक दोन वेळा उंची अधिक दोन इंच हातचे, म्हणजे 7 अधिक 8 अधिक 2, सतरा इंच. त्यातलं पाव किलोच्या वर फोंडंट कडेने कापून परत निघतं, ते वाया जात नाही.

मंगळवार: फिगर

सिंहाला वाळायला दोन-तीन दिवस द्यायलाच हवेत, पावसाळ्यात चार दिले तरी चालतील, म्हणून सुरुवात इथून. नुसत्या फोंडंटची फिगर उभी राहत नाही, हळूहळू खाली बसते, मान वाकते. त्यासाठी त्यात सीएमसी, म्हणजे फोंडंट कडक करणारी खाण्याची पावडर, मिसळायची, कोणी टायलोज वापरतं, काम तेच. 250 ग्रॅम फोंडंटला अर्धा ते एक चमचा, छोटा चमचा. मळून प्लास्टिकमध्ये गुंडाळून अर्धा तास ठेवा, मग त्यात ताण येतो. एकदम सगळ्याला लावू नका, सीएमसी घातलेलं फोंडंट पटापट सुकायला लागतं आणि अर्ध्या कामात भेगा पडतात, लागेल तेवढंच घ्या.

रंग जेलचेच. पाण्यासारखे लिक्विड रंग घातले की फोंडंट चिकट होतं आणि मग ते आटोक्यात आणायला आयसिंग शुगर ओतत बसावं लागतं. टूथपिकच्या टोकाने थोडा थोडा रंग घालायचा आणि मळून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कारण रंग मुरल्यावर गडद होतो. सिंहासाठी पिवळ्यात अगदी किंचित ब्राउन घाला, नाहीतर तो लिंबाच्या रंगाचा दिसतो. पानांसाठी हिरव्यात ब्राउनचा एक ठिपका, म्हणजे प्लास्टिकचा हिरवा न दिसता झाडाचा दिसतो. लाल आणि काळा हे दोन रंग घरी करूच नका, पुरेसा गडद होईपर्यंत इतकं जेल जातं की चव कडवट होते आणि फोंडंट हाताला चिकटतं. ते तयार रंगीत पाकीट आणा. कोणी लालपरी एसटीचा केक मागितला तर तिथे हा सल्ला फारच कामाला येतो.

आता सिंह. वजनकाटा समोर ठेवा, कारण दोन्ही पाय सारखे यायला हवेत तर डोळ्यांवर विसंबून चालत नाही. अंगासाठी 40 ग्रॅम घ्या, तळहातांमध्ये गोल करून एकही रेघ राहणार नाही असा गुळगुळीत गोळा करा, मग वरून निमुळता, खालून बसका असा करून बसवा. त्यात वरून खाली कच्च्या स्पॅगेटीची काडी घाला आणि वर एक इंच बाहेर ठेवा, त्यावर डोकं बसेल. टूथपिक नको. पहिला वाढदिवस आहे, कोणीतरी लाडाने ते डोकं बाळाच्या हातात देणारच आणि आत लाकडाची टोकदार काडी असणं बरोबर नाही. पुढचे पाय 7-7 ग्रॅमचे, लांबट, टोकाला थोडे जाड, बोटांसाठी सुरीच्या पाठीने दोन-दोन रेघा. मागचे 8 ग्रॅमचे, बसल्यासारखे पुढे आलेले. डोकं 28-30 ग्रॅमचं, अंगाच्या मानाने मोठंच ठेवायचं, गोडपणा तिथूनच येतो. तोंडाच्या जागी फिक्या रंगाचे दोन चपटे छोटे गोळे शेजारी शेजारी, त्यावर ब्राउन नाक.

डोळ्यांबद्दल थोडं जास्त सांगते कारण सगळा चेहरा तिथे ठरतो. डोळे चेहऱ्याच्या मध्यरेषेवर किंवा थोडे खाली आणि एकमेकांपासून लांब ठेवले की बाळासारखा चेहरा येतो, वर आणि जवळ ठेवले की तो रागीट दिसतो. आधी बॉल टूलने (टोकाला गोळी असलेली काडी) दोन छोटे खड्डे करा, त्यात काळे गोळे बसवा आणि टूथपिकने पांढऱ्या रंगाचा एकेक बारीक ठिपका द्या, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. एवढ्या एका ठिपक्याने तो आपल्याकडे बघायला लागतो.

आयाळीला गडद ब्राउन फोंडंटचे थेंबासारखे छोटे छोटे तुकडे करून डोक्याभोवती दोन ओळींत चिकटवा, मागची ओळ आधी. चिकटवायला पाण्याचा फक्त ओलसर ब्रश, किंवा चिमूटभर सीएमसी दोन-तीन चमचे पाण्यात रात्रभर भिजवलं की छान खाण्याचा गम तयार होतो तो. पाणी जास्त झालं की तुकडे घसरतात आणि रंग ओघळतो.

1 हा आकडा आणि नावाची अक्षरंही आजच कापून ठेवा. मराठी नाव असेल तर अक्षरं सुटी न कापता, नाव कागदावर मोठं प्रिंट करून त्यावर बटर पेपर ठेवून गिरवा आणि शिरोरेघेसकट एका पट्टीत कापा, म्हणजे ओळ वाकडी होत नाही. सगळं थर्माकोलवर किंवा फोमवर, कॉर्नफ्लोअर भुरभुरवून, उघड्यावर पंख्याखाली वाळत ठेवा. फ्रीजमध्ये नाही आणि बंद डब्यातही नाही. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे हवाच इतकी ओली असते की पंखा पुरत नाही, एसीची खोली असेल तर तिथे ठेवा.

बुधवार: फक्त गनाश

फोंडंटखाली बटरक्रीम चालतं, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते मऊ पडतं. व्हिप क्रीम तर नकोच, त्यातलं पाणी फोंडंट ओढून घेतं आणि ते वितळायला लागतं. गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण, घट्ट बसतं, धार देता येते आणि फ्रीजबाहेर बराच वेळ टिकतं.

डार्क चॉकलेट असेल तर वजनाने दोन भाग चॉकलेट, एक भाग क्रीम. 650 ग्रॅम चॉकलेटला 325 ग्रॅम क्रीम, एवढं या केकला पुरतं. एप्रिल-मे असेल तर 700 ला 280. व्हाइट चॉकलेट मऊ असतं म्हणून तिथे तीनास एक, उन्हाळ्यात साडेतीनास एक. आपल्याकडे मिळणारं पंचवीस टक्के फॅटचं टेट्रापॅक क्रीम चालतं. कंपाउंड चॉकलेट (कोको बटरऐवजी वनस्पती तेल असलेलं) की खरं? घरात मुलांसाठी करत असाल तर खरं वापरा, चवीत फरक कळतो. उन्हाळ्यात एसी नसलेल्या हॉलमध्ये द्यायचा असेल तर कंपाउंड जास्त तग धरतं, आणि हे गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगून करा.

चॉकलेट बारीक चिरा, क्रीम गरम करा, कडेने बुडबुडे दिसले की गॅस बंद, उकळी फुटू द्यायची नाही. चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर हळू ढवळा. तेल सुटलेलं दिसलं तर चमचाभर कोमट दूध घालून पुन्हा ढवळलं की बहुतेक वेळा जुळून येतं. वर प्लास्टिक फिल्म चिकटवून रात्रभर बाहेरच ठेवा, सकाळी ते घट्ट चक्क्याच्या श्रीखंडासारखं झालेलं असतं, तेच हवं.

गुरुवार: स्पंज आणि थर

प्रीमिक्सचा अगदी हलका, फुसफुशीत स्पंज इथे नको, वजनाने दबतो. दह्याचा एगलेस केक थोडा भरीव असतो, मला फोंडंटसाठी तोच आवडतो. एका सात इंची टिनाचं प्रमाण: दही 1 कप, साखर पाऊण कप, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, सोडा अर्धा छोटा चमचा, वास नसलेलं तेल अर्धा कप, व्हॅनिला 1 छोटा चमचा, मैदा दीड कप. असे दोन टिन. दही आंबट नको, ताजं हवं. दही-साखर विरघळेपर्यंत फेटा, त्यात बेकिंग पावडर आणि सोडा घालून पाच मिनिटं थांबा, वर फेस आला की तेल, व्हॅनिला, मग चाळलेला मैदा दोन-तीनदा करून. मैदा गेल्यावर जास्त फेटायचं नाही. ओव्हन आधीच तापलेला, 180 डिग्रीला तीस ते पस्तीस मिनिटं, काडी कोरडी निघाली पाहिजे. चॉकलेट हवा असेल तर मैद्यातला तीन मोठे चमचे काढून तेवढाच कोको.

पूर्ण गार होऊ द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण, कोमट केकवर गनाश वितळतं. मग वरचा फुगवटा कापून प्रत्येकाचे दोन असे चार थर करा. साखरेचं पाणी ब्रशने नुसतं लावायचं, भिजवायचं नाही. मध्ये फळं किंवा ताजं क्रीम भरू नका, हा केक बाहेर राहणार आहे. थरांमध्ये गनाश, बाहेरून पातळ एक हात, म्हणजे चुरा आत अडकतो.

आता जी गोष्ट घाईत सगळे टाळतात. थर रचल्यावर केकला बसू द्यायचं असतं. वर बटर पेपर, त्यावर एखादी स्वच्छ सिरॅमिक टाइल किंवा हलकं पाट्यासारखं काही ठेवून चार-सहा तास. थरांमधली हवा आणि जास्तीचं गनाश कडेने बाहेर येतं. हे केलं नाही तर तीच हवा फोंडंट लावल्यावर बाहेर यायला बघते आणि दुसऱ्या दिवशी केकला कमरेला फुगा आलेला दिसतो. मग सुई टोचून तात्पुरतं बसवता येतं, पण तो पुन्हा येतो.

शुक्रवार: कोटिंग आणि फोंडंट

सकाळी कडेने आलेलं गनाश खरवडून काढा आणि दुसरा हात द्या, अर्धा सेंटीमीटर जाड. उंच सरळ स्क्रॅपर, फिरतं टेबल, स्क्रॅपर स्थिर ठेवून टेबल फिरवायचं. शेवटी स्क्रॅपर गरम पाण्यात बुडवून पुसून एकदा फिरवा. इथे जो खड्डा राहील तो फोंडंटवर दिसणार, फोंडंट काही लपवत नाही.

गनाश हाताला कडक लागेपर्यंत थांबा. फ्रीजमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवलं तर बाहेर काढल्यावर अंगावर पाणी दिसतंय का बघा, दिसलं तर टिश्यूने टिपून थोडा वेळ जाऊ द्या.

फोंडंट मळायचं ते हाताला थोडं व्हेज शॉर्टनिंग लावून, नसेल तर डालडा चालतो, अगदी बोटाच्या टोकावर. हात फार गरम असतील तर थंड पाण्याने धुऊन पुसून घ्या. फोंडंट कडक असेल तर मायक्रोवेव्हमध्ये पाच-सात सेकंद, जास्त नाही. ओट्यावर भुरभुरवायला मलमलच्या कापडात कॉर्नफ्लोअरची पुरचुंडी बांधून ठेवा आणि ती आपटत जा, मूठभर पीठ पसरलं की फोंडंट कोरडं पडून भेगा येतात. पोळी लाटताना दर दोन-चार हातांनी ती उचलून थोडी फिरवायची, खाली चिकटली तर उचलताना फाटणारच. जाडी तीन ते चार मिलिमीटर. पातळ लाटून फोंडंट वाचवायला जाऊ नका, कडेला फाटतं.

गनाशवर ओलसर ब्रश फिरवा, चिकट व्हायला हवं, ओलं नाही. पोळी लाटण्यावर गुंडाळून उचला, केकच्या एका बाजूने खाली सोडत पलीकडे न्या. लगेच आधी वरचा भाग हाताने दाबून हवा काढा, मग वरची कड धरून ठेवा, कारण फाटतं ते तिथेच, वजनाने. मग बाजू. चुण्या पडायला लागल्या की घाबरून दाबायचं नाही, खालचं टोक हलकेच बाहेर ओढून चुणी उघडायची आणि वरून खाली तळव्याने बसवायची. गोल फिरत फिरत खालपर्यंत. हे सगळं पाच-सात मिनिटांत व्हायला हवं, नंतर वरचा पापुद्रा सुकतो आणि हत्तीच्या कातडीसारख्या बारीक सुरकुत्या येतात. आल्याच तर बोटावर शॉर्टनिंग घेऊन गोल गोल चोळा, बऱ्याचशा जातात. हवेचा बुडबुडा दिसला तर बारीक सुई तिरकी टोचून बोटाने हवा सरकवा. मग स्मूदर, म्हणजे फोंडंट गुळगुळीत करायची सपाट पट्टी, फिरवा आणि खालची कड सुरीने किंवा पिझ्झा कटरने कापा, पहिल्यांदा एक सेंटीमीटर सोडून, दुसऱ्यांदा अगदी लगत.

केक दहा इंची जाड बोर्डावर असू दे, पातळ पुठ्ठा वाकला की फोंडंटला भेग जाते. रात्री पुठ्ठ्याच्या खोक्यात, एसी किंवा गार खोलीत. फार उकाडा असेल आणि फ्रीजच लागणार असेल तर खोकं टेपने बंद करून ठेवा आणि बाहेर काढल्यावर दोन तास तरी ते उघडू नका, म्हणजे पाणी खोक्यावर जमतं, केकवर नाही. फोंडंटला घाम सुटलाच तर हात लावायचा नाही, टिपायचं नाही, बोटांचे ठसे कायमचे राहतात. पंख्याखाली ठेवून वाट बघायची, आपोआप सुकतं.

शनिवार: सजावट आणि पोचवणं

सकाळी पानं कापा, ती आदल्या दिवशी करू नका, केकच्या बाजूला वळायला ती मऊ हवीत. दोन-तीन हिरवे, दोन-तीन आकार, खालून वर चढत गेलेले, सगळीकडे सारखे नाहीत, एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ ठेवलं की डोळ्याला बरं वाटतं. नाव समोर मध्यावर. चांदीच्या गोळ्या आणि तारा लावायच्या नाहीत, बाळ जवळ असणार आहे. वर सजवलेलं काही न खाण्यासारखं असेल तर ते काय आहे हे लिहून द्या.

सिंह शक्यतो वेगळ्या डब्यात न्या आणि हॉलमध्ये जाऊन बसवा. गाडीत केक सीटवर ठेवू नका, सीट मागे उतरती असते, पुढच्या सीटसमोर पायाशी सपाट जागेवर, खाली घसरू नये अशी जाळीची रबरी चटई, एसी चालू. रिक्षाने न्यायचा असेल तर बोर्ड मांडीवर नाही, खाली दोन्ही पायांमध्ये.

पोचल्यावर तिथल्या माणसांना चार गोष्टी सांगायच्या. केकचं टेबल फोटोग्राफरच्या फोकस लाइटसमोर नको. हॉलच्या फ्रीजमध्ये ठेवू नका. औक्षणाचं तबक केकच्या टेबलावर ठेवतात तर निरांजन सिंहापासून हातभर लांब. आणि कापायच्या आधी सिंह, आकडा आणि नाव उचलून बाजूला काढा, आत स्पॅगेटीची काडी आहे हेही सांगा. फोंडंट सगळ्यांना आवडत नाही, ज्यांना नको त्यांना ते वरून सोलून द्यायचं, खाली गनाश असल्यामुळे ते अलगद निघतं आणि केक तसाच राहतो.

किंमत सांगताना सामानाच्या पुढे तास मांडा. सिंह, पानं आणि नाव मिळून किती तास गेले ते वहीत लिहा, तासाचा एक दर ठरवा, त्यात सामान, बोर्ड, खोकं, वीज आणि पोचवायचा खर्च धरा. किलोच्या दरात फिगर फुकट देऊ नका, फिगरची किंमत वेगळी सांगा, म्हणजे ज्यांचं बजेट कमी आहे ते सिंहाऐवजी नुसती पानं आणि आकडा घेऊ शकतात.

उरलेल्या फोंडंटवर शॉर्टनिंगचा हात फिरवून, प्लास्टिक फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून, हवाबंद डब्यात बाहेरच ठेवायचं, पाकिटावरच्या तारखेपर्यंत टिकतं. सीएमसी घातलेलं वेगळं बांधा आणि त्यावर लिहून ठेवा, ते झाकायच्या फोंडंटमध्ये मिसळलं की पुढच्या केकला भेगा पडतात. वाळलेला सिंह घरच्यांना जपून ठेवायचा असेल तर काचेच्या कपाटात, उन्हापासून लांब, जवळ सिलिका जेलची पुडी, आणि बाळाच्या हाताला लागणार नाही अशा जागी.